भट्टीशेजारचे वाचन

एकदा एक तरुण शिक्षिका शाळा सुटल्या सुटल्या आपल्या गुरूंच्या अंगणात शिरली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "अक्का, आज तुम्ही मला 'धीर धर' म्हणालात ना, तर मी आल्या पावली परत जाईन."

तिचे नाव शर्वरी. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन ती या बाजाराच्या गावात नव्यानेच नेमणुकीवर आली होती. गाव सीमेपासून थोडे अलीकडे. भाषा मराठी, पण बाजारात पलीकडचा माल येई. आणि ज्यांना ती गुरू मानत होती त्या अक्का म्हणजे गावच्या शाळेतून फार पूर्वी निवृत्त झालेल्या शिक्षिका. गावात कुठेही जावे, त्यांच्या हाताखाली अक्षर गिरवलेले कोणीतरी भेटेच. शर्वरीला त्यांच्याविषयी आदर होता. फक्त त्यांच्या हळूपणाचा तिला मनस्वी कंटाळा होता. वडीलधाऱ्या माणसांना जगात काही पेटलेले दिसतच नाही, असे तिचे ठाम मत होते आणि ते ती लपवतही नसे.

अक्का ओसरीवर चिंचेतले चिंचोके काढत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "पाणी पिणार की आधी भांडणार?"

"आधी भांडणार."

"मग बस. उभ्याने भांडलं की गुडघे दुखतात."

"तुमचे दुखतात."

"माझ्याबद्दलच बोलतेय."

शर्वरी बसली आणि सांगू लागली. तिच्या तिसरीच्या वर्गात रेणू नावाची मुलगी होती. बाजारपेठेच्या टोकाला ज्योतीराम भडभुंज्याची फुटाण्यांची भट्टी होती, त्याची ही एकुलती लेक. रेणूला वाचन फार जड जाई. 'ब' आणि 'व' तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. जोडाक्षर आले की ठेच लागल्यासारखी ती थांबे. पण थांबून पुन्हा चाले. दिवाळीपर्यंत तिने, घामाघूम होऊन का होईना, एक लहानसा धडा एकटीने वाचून दाखवला होता. आणि त्यानंतर काय झाले कोण जाणे, मुलीने पुस्तकच मिटले. उघडायला सांगितले की मान खाली. तक्त्यावरचे अक्षर विचारले, तर जे अगदी पक्के येत होते तेही सांगेना.

"आणि आज तिचा बाप शाळेत आला," शर्वरी म्हणाली. "म्हणतो, जत्रा झाली की पोरीला तिच्या आत्याकडे ठेवतो, शाळा बास. मी विचारलं, का? तर म्हणतो, बाई, पोरीचा जीव वाळतोय. आत्याकडं शेळ्या आहेत, तिला शेळ्या आवडतात. शेळ्या, अक्का. आता यावर मी काय बोलणार?"

"जत्रा कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"पोरीचा कंटाळा आलाय का त्याला?"

"तेच तर कळत नाही. घर चांगलं आहे. नवरा-बायको दिवसभर आगीशी झगडतात, पण पोरीला केरसुणीला हात लावू देत नाहीत. तू अभ्यास कर म्हणतात. दिवाळीनंतरच्या पालकसभेत मी सगळ्यांना सांगितलं होतं, रोज संध्याकाळी मुलांसमोर काहीतरी वाचत बसा, मूल बघून शिकतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. ही दोघं मात्र पाळतात. बाप पेपर वाचतो, आई आरतीचं पुस्तक वाचते. रोज. रेणूनेच मला सांगितलं."

चिंचोका काढणारा अक्कांचा हात थांबला.

"कोण पेपर वाचतो म्हणालीस?"

"ज्योतीराम."

"हं," अक्का म्हणाल्या. "आणि रेणू काय म्हणते? तिचे शब्द सांग, तुझे नकोत."

"बहाणे करते. मी आज तिला म्हटलं, हे अक्षर तर तुला येत होतं, मग आता काय झालं? तर म्हणाली, माझी अक्षरं खरी नाहीत, बारक्या पोरांची आहेत."

"मग तू काय विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? मी पुन्हा पहिल्यापासून तक्ता दाखवला."

अक्कांनी चिंचेची सुपली बाजूला सारली, हात धुतले आणि कोपऱ्यातली काठी घेतली. "चल. फुटाणे आणू."

"आत्ता? फुटाणे?"

"गरम असताना बरे लागतात."

शर्वरीने कपाळाला हात लावला, पण ती निघाली. वाटेत अक्का तीन दुकानांपाशी थांबल्या आणि प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी सुनेची चौकशी केली. शर्वरी पुढे जाऊन वाट पाहत उभी राहिली, आणि आपण वाट पाहत आहोत हे दिसेल अशी उभी राहिली.

ज्योतीरामची भट्टी म्हणजे त्याच्या घराचाच पुढचा भाग. मोठ्या कढईत तापलेली वाळू, वाळूत उड्या मारणारे हरभरे आणि भाजल्या दाण्यांचा तो खरपूस वास. मागे एकच खोली. संध्याकाळचे गिऱ्हाईक ओसरले होते. दोघींना पाहून ज्योतीरामने भट्टीतली लाकडे बाहेर ओढली आणि खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले.

"या अक्का, या. बाई, तुमी बी? मालन, पाट टाक गं."

त्याची बायको लगबगीने पाट घेऊन आली. शर्वरीची नजर मागच्या खोलीत गेली. घरातला एकुलता दिवा तारेने ओढून कोपऱ्यात टांगला होता आणि त्या उजेडाखाली, धान्याच्या पोत्याला पाठ लावून, रेणू बसली होती. घरातली सर्वांत स्वच्छ जागा तिची होती. मालनचे हरभरे निवडण्याचे सूप मात्र दाराशी, जिथे भट्टीच्या जाळाचा जेमतेम उजेड येई तिथे ठेवलेले होते. रेणूच्या मांडीवर पुस्तक होते. मिटलेले.

"पोरगी बसली की आमी बी बसतो," ज्योतीराम अभिमानाने म्हणाला. "बाईंनी सांगितल्यापास्नं एक दिस चुकवला न्हाई. मला ताप आलता तवा बी न्हाई. गिऱ्हाईक आलं तर म्हणतो, थांबा जरा, वाचन चाललंय."

शर्वरीचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या पालकसभेत आपले बोलणे कोणीतरी मनावर घेतले होते. ज्योतीराम लगेच मांडी घालून बसलाही. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यातून त्याने वरचा पेपर काढला, दोन्ही हातांनी गंभीरपणे उघडला आणि त्यावर डोळे लावले. मालनने आरतीचे पुस्तक घेतले. बोट ओळीवर ठेवून ती हलक्या सुरात म्हणू लागली. थोड्या वेळाने ज्योतीरामने पान उलटले. अगदी शांतपणे, कुठेही न अडता.

पान उलटताना पेपराची एक बाजू शर्वरीकडे आली. तिने पाहिले आणि पुन्हा पाहिले. पेपरातली अक्षरे गोल वळणांची होती, त्यांच्या डोक्यावर रेघ नव्हती. पेपर कानडी होता. रद्दीचा तो सगळा गठ्ठाच पलीकडच्या बाजारातून आलेला होता.

तिने मालनकडे पाहिले. मालनचे बोट पानाच्या मध्यावर होते आणि तोंडी आरतीचा शेवट आला होता. मग तिने दोन पाने एकदमच उलटली, तरी तिच्या म्हणण्यात खंड पडला नाही.

शर्वरीला सगळे कळले, आणि कळल्याबरोबर तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की हे झाकले पाहिजे. अक्कांना दिसायच्या आत, आणि त्या कोपऱ्यातल्या मुलीला कळायच्या आत. ती घाईने म्हणाली, "भाऊ, राहू द्या आता. आम्हाला फुटाणे द्या, निघतो आम्ही."

"थांब गं," अक्का म्हणाल्या. "ज्योतीराम, काय बातमी आहे रे? जरा वाचून दाखव. माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा अक्कांच्या गळ्यात दोरीला लोंबत होता.

ज्योतीरामची नजर कागदावरच राहिली. "कायतरी सरकारचं हाय," तो म्हणाला. "पाण्याचं."

"एक ओळ वाच की."

"अक्का, पुरे," शर्वरी म्हणाली. तिच्या आवाजाला धार होती.

"एकच ओळ," अक्का म्हणाल्या.

कढईतली वाळू हळूहळू निवत होती आणि तिच्यात राहिलेला एखादा दाणा मध्येच तडतडत होता. ज्योतीरामने लेकीकडे पाहिले. तिने मान वर केली होती. त्याचा चेहरा तापला. भट्टीची धग त्याला नवी नव्हती, ही दुसरी होती. त्याने पेपराची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"मला वाचता येत न्हाई, अक्का. तुमास्नी ठावं हाय."

मालनचा सूर थांबला.

"पन तुमी रोज वाचता की," रेणू म्हणाली.

"न्हाई बाळ. मी नुसता धरून बसतो."

"आन आई?"

मालनने पुस्तक पदराखाली घेतले, जणू कोणी ते हिसकावून घेईल. "मला आरत्या पाठ हायेत. लहानपणापास्नं ऐकलेल्या. बोट आपलं असंच फिरवती."

रेणू उठली. बापाच्या मांडीवरच्या पेपराची घडी तिने उघडली आणि एका अक्षरावर बोट ठेवले. "मग हे कंचं?"

"मला न्हाई ठावं."

तिने अक्कांकडे पाहिले. अक्कांनी सगळ्यांच्या देखत गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही, बाळा. ही कानडी अक्षरं आहेत. मी ती कधी शिकले नाही."

"बाई, तुमाला?"

शर्वरीनेही वाकून पाहिले. "मलाही येत नाही, रेणू. यातलं एकही अक्षर येत नाही."

मुलगी आळीपाळीने चारही चेहऱ्यांकडे पाहत राहिली. मग, इतके दिवस दाबून ठेवलेले एकदम बाहेर यावे तशी, बोलू लागली. "मी चोरून बघायची. रोज. शाळंत शिकलेलं एक बी अक्षर ह्यात नसायचं. मला वाटलं, मोठ्या मान्सांची अक्षरं येगळी असत्यात, आन मला जी येत्यात ती खोटी. मग आईचं पुस्तक बघितलं. तर त्यात बोट एकीकडं आन आवाज दुसरीकडं. मला वाटलं, समद्यांस्नी येतंय. माझंच डोकं..."

मग तिने पेपराकडे बोट दाखवून विचारले, "म्हंजे हे कुनालाच येत न्हाई?"

"इथे बसलेल्या कोणालाच नाही," अक्का म्हणाल्या.

रेणू हसली नाही की रडली नाही. ती बापाला अगदी चिकटून बसली. ज्योतीरामने मात्र तिच्याकडे पाहिले नाही. तो उठला, भट्टीशी गेला आणि फुटाणे बांधू लागला. पुडीसाठी कागद घ्यायला त्याचा हात गठ्ठ्याकडे गेला आणि मध्येच थबकला. मग त्याने कागद ओढलाच.

दोघी बाजारपेठेच्या बाहेर पडल्या. ओढ्यावरच्या पुलापाशी आल्यावर शर्वरीला राहवेना.

"काय मिळवलंत तुम्ही? त्या माणसाची सगळी अब्रू त्या एका कागदावर होती. ती तुम्ही त्याच्या लेकीसमोर ओढून घेतलीत. आणि चष्मा गळ्यात असताना खोटं बोललात."

काठी टेकून अक्का पुलाच्या कठड्यावर बसल्या. आता या हरभऱ्याचा दाखला देणार, शर्वरीला वाटले. कुठला दाणा लवकर फुलतो, कुठला उशिरा, हे ऐकवणार. तसे एक अक्षर जरी बोलल्या, तरी ही पुडी इथेच ठेवून मी घरी जाईन.

पण अक्का म्हणाल्या, "त्या पोरीला घरात काय दिसत नाही ते सांग मला. बापाचे भाजलेले हात दिसतात. आई अर्ध्या अंधारात निवडणं करते आणि दिवा आपल्याला देते, हेही दिसतं. कष्ट त्यांनी तिच्यापासून लपवले नाहीत. लपवलं ते एवढंच, की आपल्याला येत नाही. तेही तिच्या भल्यासाठी, तू सांगितलंस म्हणून. मग पोरीने घरभर शोधलं, आणि अडणारं माणूस तिला एकही सापडलं नाही. बाप सरळ पानं उलटतोय, आई गुणगुणत चाललीय. अडलेली ती एकटी. एकटं अडलेलं मूल पुस्तकाला भीत नाही, शर्वरी, ते स्वतःला भितं. शिकवणारं माणूस तिला बाहेर मिळेल, तू आहेस. पण 'मलाही येत नाही' असं म्हणणारं माणूस बाहेरचं चालत नाही. ते घरचंच लागतं."

ओढ्याच्या पाण्यात दोन म्हशी बसल्या होत्या. शर्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या लक्षात आले की पुडीचा कागद आपण बोटांनी चुरगाळला आहे.

"वाचत बसा, हे मीच सांगितलं," ती म्हणाली. "वाचता येतं का, हे मात्र विचारलं नाही."

"नाही विचारलंस," अक्का म्हणाल्या. त्यांनी तिची समजूत काढली नाही.

दुसरी कोणी शिष्या असती तर इथे गुरूंच्या पाया पडली असती. पुष्कळ गोष्टी इथेच संपतातही. पण शर्वरीचा स्वभाव तसा नव्हता, आणि तो नव्हता हे एका परीने बरेच झाले. ती मान वर करून म्हणाली, "पण तुम्हीही विचारलं नाहीत, अक्का. ज्योतीरामला बाजूला घेऊन म्हणता आलं असतं, की हे लेकीला सांगशील का. त्याने सांगितलं असतं. स्वतःच्या तोंडाने, स्वतःला वाटेल तेव्हा. लाज त्याची होती, ती तुम्ही उघडायची नव्हती. वय झालं की तुम्हा लोकांना वाटतं, सगळ्यांची दारं आपल्याचसाठी उघडी आहेत."

अक्कांनी काठीने कठड्याखालची माती उकरली.

"मला वाटलं, तो कधीच सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि जत्रा पुढच्या आठवड्यात. तुझ्याइतकीच मलाही घाई झाली. तू धरून चाललीस की त्याला वाचता येतं. मी धरून चालले की त्याला धीर नाही. विचारलं दोघींनीही नाही." त्या उठल्या. "उद्या सकाळी मी जाते त्याच्याकडे. तू येणार असलीस तर ये, पण बोलू नकोस."

"बघते जमतं का," शर्वरी म्हणाली.

सकाळी भट्टी पेटायची होती. मालनने टाकलेल्या पाटावर न बसता अक्का पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "ज्योतीराम, काल मी तुला न विचारता पोरीसमोर बोलायला लावलं. तसं करायला नको होतं. तुला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं."

ज्योतीराम कढईतली वाळू चाळत होता. त्याने चाळण खाली ठेवली. "खोटं कशाला सांगू, लई लाज वाटली. तुमी गेल्यावर मालनशी बी बोललो न्हाई मी." त्याने हातांची वाळू झटकली. "पन पोरगी येऊन मांडीवर बसली. लई दिसांनी. आन एकच धोशा, बाबा, तुमाला बी येत न्हाई नव्हं? हो म्हटलं की पुन्यांदा तेच. आशी खूश झालती, की जत्रंतनं बाहुली आणली असती तरी झाली नसती. मी म्हटलं, अगं, ह्यात खूश व्हायासारखं काय हाय?"

मालन दारातून म्हणाली, "मग ह्येंनी सगळं सांगितलं तिला. आपल्याला शाळंत का घातलं न्हाई, बसची पाटी वाचता येत न्हाई म्हणून चुकीच्या गावाला कसं गेलतो. त्यावर तर हसून हसून लोळली."

"मलाच आधी सांगाया पायजे होतं," ज्योतीराम म्हणाला. "मनात यायचं. पन बाईंनी सांगितलेलं मोडायचं कसं?"

शर्वरीला न बोलणे जमले नाही. "आणि आत्या?" तिने विचारले.

"जत्रंनंतर जाऊ की. शेळ्या बघू, दोन दिस ऱ्हाऊ, आन परत येऊ. पोरगीच म्हणती, शाळा बुडवून चालायची न्हाई."

मनोरंजक गोष्टीत अशा मुलीचा पुढे पहिला नंबर येतो. रेणूचा आला नाही. 'ब' आणि 'व' अजूनही जागा बदलत आणि जोडाक्षरापाशी अजूनही तिला ठेच लागे. पण पुस्तक उघडे राहू लागले, आणि उघड्या पुस्तकाचे पुढे काय करायचे हे शर्वरीचे काम होते. ती मुख्याध्यापकांशी भांडली. या मुलीला वाचायला जास्त वेळ द्या, जे लिहिता येत नाही ते तोंडी विचारा, म्हणून त्यांच्या टेबलाशी ठाण मांडून बसली. तिने शहरात जाऊन अशा मुलांना शिकवण्याची पद्धत समजून घेतली आणि ज्योतीरामकडून निवलेली वाळू ताटात घेऊन तीत रेणूच्या बोटाने अक्षरे काढून घेतली. अक्का म्हणत, "तुझी घाई अशीच राहू दे. फक्त ती शाळेवर खर्च कर, मुलांवर नको." पुढच्या पालकसभेत काय वाचावे हे तिने सांगितले नाही. स्वतःला कानडी येत नाही, पोहता येत नाही आणि भाकरी थापता येत नाही, हे तिने आधी सांगितले आणि मग खुर्ची ओढून एकेका पालकाजवळ जाऊन बसली. सभा लांबली. पण त्या दिवशी बायका पहिल्यांदाच काही बोलल्या.

एका संध्याकाळी ती फुटाणे आणायला गेली. दिवा कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्यभागी टांगला होता आणि मालनचे सूप आता उजेडात आले होते. रद्दीचा गठ्ठा मराठी होता. ज्योतीरामने तो रद्दीवाल्याकडून तशी खात्री करून मागून घेतला होता. गिऱ्हाईक समोर उभे होते. पुडीसाठी घेतलेला कागद मात्र रेणूच्या हातात होता, आणि बाप-लेक दोघेही त्यावर ओणवे झाले होते. मथळ्यात 'व्यवस्था' हा शब्द होता.

"ब्य..." रेणू म्हणाली. "न्हाई. थांबा. व्य. व्य... व... पुढं काय हाय हे?"

"मला इचारू नगंस. मी अजून 'ग'शीच हाय."

"बघा तरी."

"बघतोय की. बघून काय हुतंय? लई गिचमिड हाय बाबा हे, एकावर एक बसल्यात." ज्योतीरामने मान तिरकी केली. रेणूनेही केली. मग दोघेही हसू लागले.

"घाई नाही माझी," गिऱ्हाईक म्हणाले. त्यालाही तो शब्द येत होता की नाही, कोण जाणे.

शर्वरीच्या ओठांवर शब्द आला होता. नुसते तोंड उघडायचा अवकाश होता. तिने तोंड मिटले, पायरीवर बसली, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आपण वाट पाहत आहोत हे कोणाला दिसू न देता, वाट पाहत राहिली.

आपल्या घरात एखादे मूल असे अडलेले असेल, तर आज त्याला काही शिकवण्याआधी, आपल्याला काय येत नाही ते एकदा सांगून पाहावे.